पट्टीच्या खेळाडूनं पोकरचं पुस्तक का वाचावं

पोकरच्या पुस्तकांवरचा वाद गेली काही वर्षं दोनच सुरांत चालला आहे. एक सूर असा, की सॉल्व्हर (प्रत्येक प्रसंगातली उत्तम चाल गणितानं काढणारा संगणक-कार्यक्रम) आल्यापासून छापील पुस्तक म्हणजे रद्दी. शिकणारा संगणकावर शिकेल, आणि जो आधीच पट्टीचा खेळाडू आहे त्यानं दुसऱ्याचं लिहिलेलं कशाला वाचायचं? दुसरा सूर जुन्याजाणत्यांचा. ब्रन्सन, स्क्लान्स्की, हॅरिंग्टन या पोकर-लेखकांची नावं घेताना त्यांचा हात कानाच्या पाळीला जातो आणि ‘मूळ तत्त्वं बदलत नाहीत’ या वाक्यावर चर्चा संपते. दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून चालवली आहे, ती म्हणजे पुस्तकाचं काम उत्तर देणं. उत्तर चुकलं की पुस्तक बाद, टिकलं की पुस्तक थोर. नवशिक्यापुरतं हे ठीक आहे. तज्ज्ञाला मात्र पुस्तकातलं उत्तर सोडून बाकीचंच उपयोगी पडतं. लेखक त्या उत्तरापर्यंत कोणत्या कारणांनी पोचला, हे एक. आणि ते पुस्तक वाचून समोर बसलेल्यांच्या डोक्यात काय शिरलं आहे, हे दुसरं. या दोन कामांना पुस्तकाइतकं चांगलं साधन अजून सापडलेलं नाही, आणि दुसऱ्या कामासाठी तर चुकीचं पुस्तकही चालतं, असं माझं म्हणणं आहे.

विरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करायला हवं. पोकरमध्ये एकाची कमाई दुसऱ्याच्या खिशातून येते, वर कॅसिनो पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) रेक, म्हणजे आपला वाटा, कापून घेतो. त्यामुळे इथलं ज्ञान इतरांकडे नाही तोवरच महाग असतं. डॉयल ब्रन्सननं १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकली (दोन्ही वेळा शेवटच्या डावात हातात दश्शी-दुर्री!) आणि त्यानंतर ‘सुपर/सिस्टिम’ बाजारात आणलं. किंमत शंभर डॉलर, म्हणजे त्या काळी चैनच. चिप रीस, बॉबी बाल्डविन, माइक कॅरो, डेव्हिड स्क्लान्स्की अशांनी त्यात आपापल्या खेळावर प्रकरणं लिहिली. ब्रन्सनच्या ज्या आक्रमकपणापुढे लोक गोंधळून पत्ते टाकत होते, तो आता छापून आला होता. काहींनी तो ओळखला, काहींनी उचलला. हे पुस्तक लिहायला नको होतं, असं तो पुढे बोलून दाखवायचा. घराण्याच्या चिजा बाहेर जाऊ नयेत म्हणून जपणाऱ्या आणि भातखंड्यांच्या वहीकडे संशयानं पाहणाऱ्या उस्तादांना त्याचं दुःख चटकन कळलं असतं. पण मग २००५ चं काय करायचं? पुस्तक येऊन पाव शतक उलटून गेल्यावर याच ब्रन्सननं सहाजणांच्या टेबलावरच्या नो-लिमिट होल्डममध्ये (बेटच्या, म्हणजे लावायच्या रकमेच्या, आकाराला मर्यादा नसलेल्या प्रकारात) आपलं दहावं ब्रेसलेट, म्हणजे वर्ल्ड सिरीजमधलं विजेतेपद, जिंकलं. जे छापलं गेलं त्यात त्याचा सगळा खेळ आलेला नव्हता, हे उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुनी पुस्तकं आकड्यांत चुकतात. डॅन हॅरिंग्टनच्या पहिल्या खंडात (२००४) फ्लॉपवरच्या (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांवरच्या) पाठपुराव्याची, म्हणजे आधीच्या फेरीत रक्कम वाढवणाऱ्यानंच पुन्हा मारायची, बेट साधारण अर्ध्या पॉटची सांगितली आहे. आज कोरड्या, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या पत्त्यांच्या, फ्लॉपवर एक तृतीयांश पॉटची बेट जवळजवळ सगळ्या रेंजनं (हातात असू शकणाऱ्या सगळ्या पत्त्यांनी) मारली जाते. दुसऱ्या खंडातला प्रसिद्ध ‘एम’, म्हणजे आपले चिप्स भागिले दोन्ही ब्लाइंड (दोन खेळाडूंनी आधीच लावायच्या सक्तीच्या रकमा, लहान आणि मोठी, म्हणजे बिग) आणि अँटी (पॉटमध्ये घालायची आणखी एक सक्तीची रक्कम) यांची बेरीज, हाही तसाच. २० बिग ब्लाइंडांएवढे चिप्स असलेल्या खेळाडूचा एम आजच्या पद्धतीत (अर्धा, एक आणि एक बिग ब्लाइंडची अँटी, मिळून अडीच) येतो ८. हॅरिंग्टनच्या रंगांत हा केशरी विभाग, जवळपास आणीबाणी. सॉल्व्हर मात्र तेवढ्याच चिप्सवर शांतपणे दुपटीची छोटी रेज करून (रक्कम वाढवून) फ्लॉप खेळायला तयार असतो. तिसरा आक्षेप असा, की सर्वांत चांगले खेळाडू लिहीत नाहीत. बव्हंशी खरं आहे. ज्याला एका रात्रीत पुस्तकाच्या मानधनाच्या कित्येक पट मिळतं, तो लिहायला बसेल कशाला?

या तिन्ही गोष्टी मान्य केल्या तरी निष्कर्ष मात्र निघत नाही, कारण तिन्हींची मांडणी ‘पुस्तक विरुद्ध सॉल्व्हर’ अशी आहे आणि सॉल्व्हर पुस्तकाचं काम करतच नाही. तो आकडा देतो, कारण देत नाही. वेगवेगळे फ्लॉप २२,१०० आहेत. रंगांची अदलाबदल एकच धरली तरी १,७५५ उरतात. प्रत्येकावर टर्नला (चौथ्या सामाईक पत्त्याला) ४९ पत्ते, मग रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) ४८. त्याला चिप्सची खोली (पुढ्यात किती चिप्स आहेत), बसायच्या जागा आणि बेटचे आकार यांनी गुणा. हे पाठ करणारा माणूस जन्मायचा आहे, आणि टेबलावर फोन काढता येत नाही. मग तज्ज्ञ बरोबर काय घेऊन जातो? राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची, असा फ्लॉप पडला की बटणावरचा (डीलरच्या जागेवरचा, शेवटी बोलणारा) खेळाडू बिग ब्लाइंडविरुद्ध जवळपास सगळ्या पत्त्यांनी छोटी बेट मारतो. सत्ती-छक्की-पंजी पडली, त्यात दोन एका रंगाच्या असल्या, की तोच खेळाडू पुष्कळदा चेक करतो, म्हणजे बेट मारत नाही. हे दोन फ्लॉप लक्षात ठेवून काही होत नाही. पहिल्यावर मोठ्या जोड्या आणि चांगले राजे बटणवाल्याकडे जास्त, दुसऱ्यावर सरळ (ओळीनं पाच पत्ते) आणि दोन-दोन जोड्या ब्लाइंडवाल्याकडे जास्त, हे कारण लक्षात राहिलं तरच कधी न पाहिलेल्या फ्लॉपवर काही सुचतं. सॉल्व्हरच्या तक्त्यात हे कारण लिहिलेलं नसतं. ते कुणीतरी शेकडो फ्लॉप शेजारी मांडून, त्यांत समान काय ते शोधून, वाक्यात लिहावं लागतं. असं लिहिलेलं म्हणजेच पुस्तक. मग ते कागदावर असो की पडद्यावर.

सॉल्व्हरच्या आकड्यांवरचा विश्वासही जरा अंधच आहे. तो गणित अचूक करतो, पण आपण घातलेल्या गृहीतकांवर. दोघांच्या सुरुवातीच्या रेंज आपण घातलेल्या, बेटचे दोन-तीन आकार आपण ठरवलेले, रेक आपण सांगितलेला. बिग ब्लाइंडवाला इतक्या-इतक्या पत्त्यांनी कॉल करतो (बेटएवढी रक्कम घालून डावात राहतो) असं आपण घातलं आणि प्रत्यक्षात तो त्याच्या दीडपट पत्त्यांनी करत असला, तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत चुकीचं उत्तर मिळतं. शिवाय बहुतेक सॉल्व्हर फ्लॉपनंतर दोनच खेळाडू धरून चालतात. चौघं फ्लॉप पाहतात तिथे काय करायचं? एखाद्या हातानं ३७ टक्के वेळा कॉल, ६३ टक्के वेळा फोल्ड (पत्ते टाकणं) असं तो सांगतो, तेव्हा दोन्हींची किंमत जवळपास सारखीच आहे एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि तरी त्या ३७ वर तासन्‌तास घालवणारे अभ्यासू कमी नाहीत. काय घालायचं आणि आलेल्यातलं काय सोडून द्यायचं, हे सॉल्व्हरबाहेरचं ज्ञान आहे.

मग हे ज्ञान अनुभवातून का येऊ नये? पुस्तकविरोधकांचा हा आवडता मुद्दा, आणि माझ्या मते त्यांचा सर्वांत कच्चा. नो-लिमिट होल्डममध्ये दर शंभर डावांच्या निकालाचं प्रमाण विचलन साधारण ९० बिग ब्लाइंडांचं धरता येतं. प्रत्यक्ष टेबलावर तासाला तीसेक डाव वाटले जातात. वर्षात हजार तास बसणाऱ्याचे झाले ३०,००० डाव, म्हणजे शंभरांचे ३०० गट. ९० भागिले ३०० चं वर्गमूळ केलं की पाचाच्या थोडं वर उत्तर येतं. म्हणजे वर्षभर टेबलाला चिकटून बसूनही आपला सरासरी नफा दर शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड इकडे की तिकडे, हे सांगता येत नाही. आणि चांगल्या खेळाडूचा एकूण नफाच कित्येकदा तेवढा असतो. हे झालं सबंध खेळाचं. तीन-बेट (रेजवर पुन्हा रेज) झालेल्या पॉटमध्ये रिव्हरला चेक-रेज करून (आधी चेक, मग समोरच्याच्या बेटवर रेज) ब्लफ मारणं बरोबर की चूक, हा प्रसंग त्या ३०,००० डावांत मोजके वेळा येतो. तीनदा जमलं आणि दोनदा फसलं, यातून कुणी काय शिकावं? कुस्तीत चुकलेला डाव पाठीला लगेच कळतो. पोकरमध्ये चुकलेल्या डावाला पैसे मिळतात आणि बरोबर डावाचे जातात, म्हणूनच इथे अनुभव हा गुरू म्हणून फारसा भरवशाचा नाही. इथे सिद्धान्ताला पर्याय नाही, आणि सिद्धान्त कुठेतरी लिहिलेलाच असतो.

हा वाद पोकरमध्ये नवा वाटतो, पण शेजारच्या घरात तो तीस वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरोनं १९९२ साली बॅकगॅमन (फासे टाकून सोंगट्या हलवण्याचा दोघांचा खेळ) खेळणारा टीडी-गॅमन हा संगणक-कार्यक्रम तयार केला. तो स्वतःशीच खेळून शिकला होता. सुरुवातीला फाशांवर चार-एक पडले, तर मधल्या घरातली एक सोंगटी खाली आणायची आणि एकाच्या दानानं पाचव्या घरात एक सोंगटी मुद्दाम एकटी, उघडी ठेवायची, हा मातब्बरांचा रिवाज होता. यंत्राला ते पसंत नव्हतं. एकाच्या दानानं ते मागच्या दोन सोंगट्यांतली एक पुढे सरकवायचं. यंत्र बरोबर ठरलं आणि उघड्या सोंगटीचा रिवाज स्पर्धांतून जवळपास गेला. पुस्तकं संपली का? यंत्र फक्त आकडा सांगत होतं. त्या आकड्यांमागचा विचार माणसांना समजेल अशा भाषेत आणण्यासाठी बिल रॉबर्टी या दोनदा जगज्जेत्या झालेल्या खेळाडूनं १९९३ साली त्या यंत्राच्या डावांवर पुस्तकच लिहिलं. पॉल मॅग्रिएलचं १९७६ चं पुस्तकही टिकलं. त्यातल्या कित्येक चाली आज चुकीच्या मानल्या जातात, पण सुरक्षित चाल करायची की धाडसी, हे ठरवताना प्रतिस्पर्ध्याचं घर किती मजबूत आहे, आपल्या किती सोंगट्या मागे आहेत, ही पाहण्याची शिस्त त्यानं घालून दिली. पोकरवाल्यांना हा इतिहास ठाऊक असायला हवा, कारण माणसं तीच आहेत: हॅरिंग्टनच्या पुस्तकांचा सहलेखक हाच रॉबर्टी, आणि ‘एम’ हे अक्षर या मॅग्रिएलच्याच नावाचं.

आणि यंत्रानं दर वेळी पुस्तकाला खोटं पाडलं असंही नाही. अल्बर्टा विद्यापीठातल्या गटानं जानेवारी २०१५ मध्ये दोघांतला लिमिट होल्डम (बेटचा आकार ठरलेला असतो तो प्रकार) व्यवहारतः सोडवल्याचं जाहीर केलं. त्यांच्या ‘सेफियस’ या कार्यक्रमानं दाखवलं, की डीलरनं पहिल्या फेरीत नुसता कॉल करून आत यायचं नाही, रेज तरी करायची नाही तर पत्ते टाकायचे, ही जुनी शिकवण जवळजवळ पूर्ण बरोबर होती. त्याच वेळी पहिल्या फेरीत शेवटची रेज करून पॉट कमाल मर्यादेला नेण्याची मातब्बरांची सवय मात्र त्यानं जवळपास बाद केली. दोन वर्षांनी पिट्सबर्गच्या कॅसिनोत ‘लिब्राटस’ या कार्यक्रमानं चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं, तेव्हा पॉटच्या कित्येक पट बेट मारण्याची त्याची रीत पाहून लोक चक्रावले, पुस्तकांत अशा बेटला फारशी जागा नव्हती. कुठे पुस्तक खरं ठरलं, कुठे खोटं. कोणता भाग खरा आणि का, हे पाहायला दोन्ही शेजारी ठेवावी लागतात.

पुस्तकांचं खरं बळ छोट्या, सोप्या करून मांडलेल्या नमुना-खेळांत आहे, आणि या बाबतीत बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन यांच्या २००६ च्या ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’ची बरोबरी करणारं थोडंच आहे. रिव्हरला पॉट १००. बेट मारणाऱ्याकडे एकतर अजिंक्य पत्ते आहेत नाहीतर काहीच नाही. समोरच्याकडे मधलं काहीतरी. १०० ची बेट आली तर कॉल करणारा २०० मिळवायला १०० लावतो, म्हणजे त्याला तीनांत एकदा बरोबर ठरायचं आहे. म्हणून बेट मारणाऱ्यानं दर दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ ठेवायचा. अर्ध्या पॉटच्या बेटला ब्लफचा वाटा २५ टक्के, दुप्पट पॉटला ४०. टेबलावर खऱ्या हातांचे दोन-दोन पत्त्यांचे १२ मेळ मोजले, तर पॉटएवढ्या बेटला ब्लफचे ६ मेळ निवडायचे, आणि निवडताना समोरच्याच्या कॉलचे पत्ते आपल्या हातात अडकलेले असतील असं पाहायचं. हे सगळं पाच सेकंदांत करता येतं, कारण ते कारणासकट समजलेलं असतं. ब्लफ मधल्या पत्त्यांनी मारायचा नाही, सर्वांत वाईट पत्त्यांनी मारायचा, हे तर फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्येच साध्या नमुन्यावर दाखवलं होतं. सॉल्व्हर त्यानंतर सत्तर वर्षांनी आले.

आता पुस्तकप्रेमींनाही दोन शब्द. ‘तत्त्वं बदलत नाहीत’ म्हणत जे हॅरिंग्टनचे तक्ते जसेच्या तसे घेऊन बसतात, ते पुस्तकाचा जो भाग सर्वांत लवकर नासतो तोच चाखतात. सुरुवातीच्या हातांचे तक्ते, बेटचे ठरावीक आकार, ‘अमुक जागेवर तमुक जोडी टाका’ ही पानं तज्ज्ञानं उलटावीत आणि पुढे जावं. उरलेलं वाचताना हातात पेन हवं. लेखकानं डाव मांडला की त्याचं उत्तर झाकायचं आणि आधी आपली रेंज व आपला आकार लिहायचा. मग लेखकानं काय गृहीत धरलंय ते शोधायचं: किती खोली, किती रेक, अँटी आहे का, टेबलावर किती जण. बरेचदा वाद इथेच मिटतो, कारण लेखक नऊजणांच्या टेबलाचं बोलत असतो आणि आपण सहाजणांच्या. त्यानंतर तोच डाव लेखकाच्या गृहीतकांवर सॉल्व्हरला द्यायचा, मग आपल्या. फरक पॉटच्या एखाद्या टक्क्याचा असेल तर सोडून द्यायचा. मोठा असेल तर लेखकाच्या कारणातली नेमकी कोणती कडी तुटली ते एका वाक्यात लिहायचं. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर आपल्याला सॉल्व्हरचं उत्तरही समजलेलं नाही. अशा वाचनाला डावामागे अर्धा तास जातो, आणि म्हणूनच ते फार थोडे करतात.

राहिलं समोरच्याच्या डोक्यातलं. २००३ साली ख्रिस मनीमेकर जिंकला तेव्हा वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते. २००५ मध्ये ५,६१९. या लाटेतून आलेली अख्खी पिढी एकाच वेळी तीच चार-पाच पुस्तकं वाचत होती. पाठपुराव्याची बेट मारा, हे तिनं पाठ केलं; टर्नला काय करायचं, ते तेवढं पाठ झालं नाही. पहिली बेट पुस्तकातली, दुसरी स्वतःच्या हिमतीवर. ज्यानं तेच पुस्तक वाचलं होतं त्याला हे नेमकं ठाऊक होतं, म्हणून तो फ्लॉपवर हातात काही नसताना कॉल करून टर्नला पॉट उचलत होता. पुस्तक आपल्यासाठी जुनं झालं तरी इतरांच्या हातांत ते चालूच असतं. ऑनलाइन खेळात समोरच्याच्या हजारो डावांची नोंद निदान हाताशी असते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेनं केल्यावर आपल्याकडच्या खेळाडूपुढे मुख्यतः गोव्यातल्या कॅसिनोंसारखी प्रत्यक्ष टेबलंच उरली. तिथे नोंद नाही, आकडेवारी नाही. समोरच्याचे दोन-तीन डाव पाहून तो कोणत्या काळातलं पोकर शिकला आहे, एवढंच ओळखता येतं.

आणि तेवढं पुष्कळदा पुरतं. स्पर्धेत २० बिग ब्लाइंड असलेला, एम ऐकत मोठा झालेला खेळाडू मधल्या जागेवरून थेट ऑल-इन जातो, म्हणजे सगळे चिप्स लावतो. तुम्ही बिग ब्लाइंडवर, हातात एक्का-गुलाम. दिसायला कॉल. पॉटमध्ये त्याचे २०, लहान ब्लाइंडचा अर्धा, तुमचा एक आणि अँटीचा एक मिळून साडेबावीस; तुम्हाला आणखी १९ घालायचे, म्हणजे पॉटमध्ये सरासरी सुमारे ४६ टक्के वाटा मिळायला हवा. पण या वळणाचा माणूस एक्क्यांची किंवा राजांची जोडी आली की छोटी रेज करून कॉलची वाट पाहतो, आणि कमजोर एक्का टाकून देतो. त्याच्या ऑल-इनमध्ये उरतात सत्तीपासून गुलामापर्यंतच्या जोड्या आणि एक्क्याबरोबर राजा, राणी किंवा गुलाम. त्याविरुद्ध तुमच्या एक्का-गुलामाला मिळतात जेमतेम ३७ टक्के, आणि नव्व्यांच्या जोडीला ५३. एक्का-गुलाम टाका, नव्व्या असत्या तर कॉल. समोरचा असा का खेळतो हे सांगणारं पान हॅरिंग्टनच्या २००५ च्या दुसऱ्या खंडात सापडतं, त्यातला सल्ला आज चुकीचा असला तरी.